उन्हाळी लागलेले म्हातारे

पौषाची थंडी, अंगावर घोंगडी, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, आणि सत्तरीचा म्हातारा ड्रेसिंग रूमच्या दारात उभा राहून हळूच म्हणायचा, "बिरादर, मले उन्हाळी लागली."

आमच्याकडे लघवीला जळजळ झाली, अडून अडून व्हायला लागली की उन्हाळी लागली म्हणतात. ती उन्हात राबणाऱ्या कोणालाही लागते, पोरीबाळींनाही लागते. त्यामुळे त्या शब्दाला लाज नाही. जी गोष्ट सांगायची लाज वाटते ती त्या शब्दाखाली झाकून आणता येते. नोकरीच्या सुरुवातीला मी हसून विचारायचो, "बाबाजी, हिवाळ्यात उन्हाळी?" म्हातारा मान खाली घालायचा आणि कधी कधी तसाच परत जायचा. दोन-तीन जण असे परत गेल्यावर मी हसणं सोडलं. काही न विचारता दार लोटून घ्यायला शिकलो.

मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारक होतो. बाईला सिस्टर म्हणतात तसं पुरुषाला ब्रदर. खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी त्याचं बिरादर झालं आणि मला ते ब्रदरपेक्षा बरं वाटायचं. वाशीम जिल्ह्यातला एक तालुक्याचा दवाखाना, एवढंच सांगतो. तिथे आजही माणसं काम करतात, त्यांना माझ्या आठवणींचा त्रास नको. सलाईन, इंजेक्शन, पट्ट्या, साप चावलेले, विळा लागलेले, सगळं केलं. पण एक काम कोणी न नेमता माझ्या वाट्याला आलं. लघवी अडलेल्या पुरुषांना नळी घालायचं काम. सिस्टरपुढे म्हातारे धोतर सोडत नसत आणि डॉक्टर बदलून जात. मी तिथेच होतो.

या कामाबद्दल दिवाळी अंकात लिहिणार म्हटल्यावर बायको म्हणाली, "सणासुदीचं घरोघरी लोक फराय करत वाचतीन, अन् तुमी हे लिवसान?" मी म्हटलं, घरोघरी वाचावं म्हणूनच लिहितो.

आधी दुखणं काय ते सांगतो. पुरुषाच्या लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी, खालच्या अंगाला, एक गाठ असते. तरुणपणी आवळ्याएवढी. डॉक्टर तिला प्रोस्टेट म्हणतात. भिंतीवरच्या सरकारी तक्त्यात पुरःस्थ ग्रंथी असं लिहिलेलं असे. तो शब्द मी आख्ख्या नोकरीत एकाही पेशंटपुढे उच्चारला नाही. ही गाठ प्रत्येक पुरुषाला असते. मण्यातून दोरा जावा तशी लघवीची वाट तिच्या मधून जाते. पन्नाशीनंतर ती हळूहळू वाढायला लागते. केस पिकतात तशीच ती वाढते, त्यात कोणाचा दोष नाही, जवानीतल्या कुठल्या पापाचं ते फळ नाही. बहुतेकांची ही वाढ कॅन्सरची नसते, पण नाही हे तपासूनच म्हणायचं असतं, अंदाजाने नाही. गाठ बाहेरच्या बाजूला वाढली तर माणसाला पत्ताही लागत नाही. आतल्या बाजूला वाढली तर वाट आवळते. मग धार बारीक होते, उभं राहून वाट बघावी लागते, झालं म्हणून धोतर सावरलं की पुन्हा दोन थेंब. रात्री चार-चारदा उठणं. प्रवासाची धास्ती. लग्नात, मयतीत, बाजारात गेल्यावर आधी आडोसा कुठे आहे ते बघून ठेवणं. माणूस हळूहळू घराबाहेर पडायचा थांबतो आणि घरचे म्हणतात, बुढा आता निवांत झाला.

उकंडाजी पहिल्यांदा आले ते नातीच्या लग्नातून.

आसेगावकडच्या एका खेड्यातला हा माणूस. उंच, काटक, पांढऱ्या मिश्या. पंचक्रोशीत गुरांचा जाणकार म्हणून नाव. बैल नुसता चालताना पाहून कुठल्या खुरात काटा आहे ते सांगत. शेलूबाजारला मांडव होता. आदल्या दिवशी त्यांना सर्दी झाली होती, म्हणून दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणून खाल्ल्या. सर्दीच्या काही गोळ्यांनी ही आवळलेली वाट पार मिटते, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यात मांडवाच्या चारी बाजूंनी बायामाणसं, जायला आडोसा नाही. सकाळपासून दाबून ठेवलं. दुपारी अक्षता पडल्यावर शेतात गेले तेव्हा एक थेंब उतरेना. पंगत उठेपर्यंत हा माणूस पाहुण्यांना वाढा-वाढा म्हणत उभा होता. मग बसला आणि त्याला उठता येईना.

मुलाने, गजाननने, त्यांना जीपमधून आणलं. मागे नऊवारीतल्या चार-पाच बाया, लग्नाच्या फेट्यात दोन पुरुष. उकंडाजींचा चेहरा घामाने भिजलेला. माझा हात धरून म्हणाले, "बिरादर, आंधी यायले बाहेर काढ सगळ्यायले."

सगळ्यांना बाहेर काढलं. गजाननलाही. पोटावर हात ठेवला तर बेंबीच्या खाली दगड असावा तसं घट्ट. "कवापासून तरास हाय?"

"आज सकायपासून."

"आजचं नाई विचारून राह्यलो. त्याच्या आंधी?"

मग डोळे मिटूनच म्हणाले, "दोन वर्स झाले असतीन."

नळी घालायला पाच-सात मिनिटं लागतात. सुन्न करणारी जेली आत सोडायची आणि मग थांबायचं. थांबणं हेच खरं कौशल्य आहे. घाई केली की रक्त येतं. माणसाला लांब श्वास घ्यायला सांगायचं, काहीतरी बोलत राहायचं. मी विचारलं, बैलाचं पाणी अडलं तर तुम्ही कसं ओळखता? ते दात आवळून सांगत होते, "शेपटी हालवते... मांगचे पाय झाडते... अन् खालचे केस कोल्डे, सुके राह्यते." तेवढ्यात नळी आत गेली आणि तिला जोडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत धार लागली.

ज्यांची लघवी अडून सुटते ती माणसं रडतात. मी अनेकांना पाहिलंय. वेदनेत न रडलेला माणूस सुटकेला रडतो. उकंडाजींनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं आणि मिश्यांवरून पाणी ओघळत होतं. पिशवी भरली, मी ती रिकामी केली, ती पुन्हा अर्धी भरली.

"बैलाचं पाणी अडलं तर तुमी काय करता?" मी विचारलं.

"डॉक्टरकडे धाडतो. उद्या नाई, आजच ने म्हणतो. पोटातला लघवीचा फुगा फुटला का मंग बैल गेला."

"अन् सोताचं दोन वर्स?"

"घरीच पाह्यलं बापा. सराट्याचा काढा पेलो. पयसाचे फुलं गरम करून पोटावर बांधले."

मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गजाननले काय सांगशीन?"

"जे हाय ते सांगीन."

"नको. त्याले सांगशीन तर सुनेच्या कानावर जाईन. माही बुढी जाऊन चार वर्स झाले. सुनेच्या हातचं जेवतो मी. ते माह्याकडे कोण्या नजरेनं पाह्यन?" त्यांनी मनगट सोडलं नाही. "उन्हाळी लागली म्हणून सांग. तुले माह्या गयाची आन हाय."

दार उघडून मी गजाननला सांगितलं, "उन्हाळी लागली होती. उन्हातान्हात पाणी कमी पेले असतीन. दोन-तीन दिवस ठेवू." गजानन म्हणाला, "म्या म्हटलं होतं, पाणी पेत जा." आणि लग्नघरी परत गेला.

पेशंटचं गुपित ठेवावं हे आम्हाला शिकवलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. पण गुपित ठेवणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. मी त्या दिवशी खोटं सांगितलं. तेव्हा मला त्यात आपण मोठे भरवशाचे आहोत असंच वाटलं, हेही लिहून ठेवतो.

तीन दिवस ते वॉर्डात होते. नळीची पिशवी धोतराच्या सोग्यात लपवून फिरत. गोळ्या सुरू केल्या, चौथ्या दिवशी नळी काढली आणि त्यांना आपली आपली लघवी झाली. शाळकरी पोर पास झाल्यासारखा त्यांचा चेहरा. डॉक्टरांनी अकोल्याला तज्ज्ञाकडे जायचा कागद लिहून दिला. सोनोग्राफी, रक्त तपासणी, आणि बहुधा ऑपरेशन. तो कागद त्यांनी चार घड्या घालून बंडीच्या खिशात ठेवला.

"बाबाजी, जासान ना अकोल्याले?"

ते खाटेच्या कडेला बसून वहाणा घालत होते. म्हणाले, "या हातानं किती गोऱ्हे खच्ची केले त्याचा हिसाब नाई. दोन वर्साचा मस्त गोऱ्हा, मातीत शिंगं खुपसणारा, अन् एका सकाई त्याचा बैल होते. डोयातलं तेज जाते त्याच्या. आमच्या गावात सांगतात, थे ऑपरेशन झालं का माणसाचंही तसंच होते."

मी त्यांच्याजवळ बसून सगळं समजावून सांगितलं. पोटावर चिरा नसतो. लघवीच्याच वाटेने दुर्बीण घालून गाठीचा आतला, अडणारा भाग काढतात. अंडाला हातसुद्धा लागत नाही. बैलाचं जे करतात त्याचा आणि याचा काही संबंध नाही. पुष्कळांमध्ये एक फरक पडतो, की बीज बाहेर न येता उलटं आतल्या लघवीच्या पिशवीत जातं आणि लघवीबरोबर निघून जातं. त्याने अपाय होत नाही. बाकी माणूस असतो तसाच असतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फेरीवाला दारात माल मांडून बसला की आपण ऐकतो, तसं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुहं शिक्षान हाय, तू तसंच सांगशीन."

आणि गेले.

आठ-नऊ महिन्यांनी शेलूबाजारला बाजाराच्या दिवशी दिसले. मी कारंजाला, माझ्या घरी निघालो होतो, जीप भरत आली होती. ते कडुनिंबाखाली गुरांच्या बाजाराच्या कडेला एकटेच बसलेले. पूर्वी त्यांच्याभोवती दहा माणसं असत. भादव्याचं ऊन तापत असून कमरेला जाड काळं घोंगडं गुंडाळलेलं. जवळ गेलो तेव्हा वास आला. पाय पाहिले तर घोट्यावर सूज, वहाणेचा पट्टा रुतलेला.

"गोया चालू हायेत का, बाबाजी?"

"सोडल्या. उठलं का चक्कर ये. पन आता लागतच नाई बापा गोया. आता मोकयं होते. दिवसभर चालूच राह्यते थेंब थेंब. धरून ठेवतो म्हटलं तरी थांबत नाई."

हे वाचणाऱ्या प्रत्येकाने इथे थांबावं. थेंब थेंब गळतंय म्हणजे मोकळं होतंय असं माणसाला वाटतं. असतं उलटं. आतली पिशवी काठोकाठ भरलेली असते, तिचा जोर संपलेला असतो, आणि टाकी भरून वरून सांडावं तसं ते सांडत असतं. हळूहळू ताणत गेल्यामुळे दुखतही नाही. आणि आतलं पाणी वर मूत्रपिंडांवर दाब देत राहतं, दिवसेंदिवस, गुपचूप. पायावर सूज त्याचीही असू शकते.

मला हे माहीत होतं. त्यांना नसेल, मला होतं. मी म्हटलं, "हे चांगलं लक्षण नाई. उद्या सकाई दवाखान्यात या. मी हाय." ते म्हणाले, "येतो." जीपवाल्याने हाक मारली. मी मागे वळून पुन्हा म्हटलं, "उद्या नक्की." त्यांनी हात वर केला.

उद्याच का म्हणालो? बैलासाठी तो माणूस आजच ने म्हणत होता आणि त्याच्यासाठी मी उद्या म्हणालो. त्याच जीपमध्ये त्यांना बसवून दवाखान्यात उलटं नेता आलं असतं. फार तर माझी सुट्टी अर्धी झाली असती.

ते आले नाहीत. पंधरा दिवसांनी गजाननच आला, मुलाला इंजेक्शनसाठी घेऊन. मी लहानग्याचा दंड पुसत होतो, गजानन त्याला मांडीवर धरून समोर बसला होता. मी विचारलं, "बाबाजी कसे हायेत?" तो म्हणाला, "बरे हायेत. खानं कमी झालं. वयच झालं आता." माझ्या जिभेवर आलं होतं. पोरगं रडायला लागलं, मागे रांग होती, आणि ती गळ्याची आन. मी म्हटलं, "त्यायले एक बार घेऊन ये, तपासू." गजानन म्हणाला, "सोयाबीन निघू द्या, आणतो."

कशासाठी घेऊन यायचं, हे मी सांगितलं नाही. नुसतं तपासू म्हटलं तर सोयाबीन निघेपर्यंत थांबण्याइतकंच ते वाटणार. त्याचं काही चुकलं नाही.

सोयाबीन निघायच्या आधीच त्यांना आणलं. सकाळची वेळ, ओपीडी भरलेली. गजानन आणि त्याची बायको शोभा, दोघांनी दोन बाजूंनी धरून. उकंडाजींना उचकी लागली होती, तीन दिवस थांबत नव्हती. काही खाल्लं की उलटी. माणसं ओळखत नव्हते, मला पाहून म्हणाले, "गोऱ्हा कोन्या दाव्याले बांधला रे?" पोट बेंबीच्या वर आलेलं. डॉक्टरांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मी नळी घातली. या वेळी त्यांनी मनगट धरलं नाही. पिशव्या भरत राहिल्या. गजानन दारात उभा राहून पाहत होता आणि मी त्याला बाहेर काढलं नाही.

"हे एवढं पोटात होतं?" त्याने विचारलं.

अकोल्याला पाठवलं. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. तिथे मशीनवर रक्त साफ केलं, काही दिवस शुद्धीवर आले, सुनेच्या हातून पेज प्यायले, आणि तिसऱ्या आठवड्यात गेले.

मी तेरवीला गेलो. जाऊ नको असं मन सांगत होतं. पंगती चालू होत्या. गजानन मला गोठ्याकडे घेऊन गेला. दोन बैल बांधलेले, उकंडाजींच्या हातचे. त्याने दोघांपुढे वैरण सारली. मग म्हणाला, "अकोल्याचे डॉक्टर म्हणे, हे दोन-तीन वर्साचं दुखनं हाय. म्हणे, आंधी कोनाले दाखोलं नाई का? म्या सांगतलं, लग्नात उन्हाळी लागली होती, तेवढीच. थे माह्या तोंडाकडे पाहून राह्यले." मग माझ्याकडे वळला. "ब्रदर, तुमाले मालूम होतं?"

मी म्हटलं, "हो."

"मले काहून नाई सांगतलं?"

"त्यायनं आन घातली होती."

त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मी पाह्यला असता ना जी. माहा बाप होता. मी पाह्यला असता," आणि बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मला जेवायचा आग्रह त्यानेच केला. मी पंगतीत बसलो. उठून जाता येत नव्हतं.

निघताना शोभा पाण्याचा तांब्या घेऊन आली. पदर डोक्यावरून पुढे घेतलेला, नजर खाली. एवढंच बोलली, "धोतरं मीच धूत होती भाऊजी. वर्सभर. मले समजत होतं काईतरी हाय. सासऱ्याले कसं इचारू? अन् नवऱ्याजवळ सासऱ्याचं हे कसं काढू?"

म्हणजे त्या घरात एका माणसाच्या दुखण्याबद्दल सुनेला कळत होतं, दवाखान्यात मला कळत होतं, आणि त्या माणसाला तर कळतच होतं. फक्त जो त्याला उचलून अकोल्याला नेणार होता त्याला कोणी सांगितलं नाही.

त्यानंतर माझ्या नोकरीची सहा वर्षं उरली होती. मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, उन्हाळी लागली म्हणणाऱ्या कुठल्याही पन्नाशीपुढच्या माणसाला नुसतं औषध देऊन सोडलं नाही. दार लावून रोखठोक विचारायचो, धार कशी आहे, रात्री किती वेळा उठता, झाल्यावर उरल्यासारखं वाटतं का. काही चिडत, एकाने मला बेशरम म्हटलं. पुष्कळांना मात्र कोणीतरी विचारलं याचंच हायसं वाटे. कित्येकांचं नुसत्या गोळ्यांवर भागलं. ऑपरेशन सगळ्यांना लागतंच असं नाही. गोळी घेतल्यावर एकदम उठू नका, आधी खाटेवर बसा मग उभे राहा, हे मी घोकून घोकून सांगे. चक्कर येते म्हणून गोळी सोडू नका, येऊन सांगा, गोळी बदलता येते. हे उकंडाजींना मी एकदाच सांगितलं होतं, तेही ते निघायच्या घाईत असताना.

दुसरी गोष्ट चांगली की वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

कारंजात माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर हिराचंद शेठचं भांड्यांचं दुकान आहे. जैन घराणं, तीन पिढ्यांचा धंदा, माणूस शिस्तीचा. सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. पंचाहत्तरीचे असतील तेव्हा. त्यांनी मला एका रविवारी दुपारी दुकानाच्या मागच्या कोठीत बोलावलं, पितळी घागरींच्या उतरंडीमागे खाटेवर बसले होते. नळी आधीच घातलेली होती, दुसऱ्या गावच्या एका डॉक्टरांकडे. ऑपरेशन करा म्हणून त्यांनीही सांगितलं होतं.

"तुम्ही फक्त महिन्याला येऊन नळी बदलून द्यायची," शेठ म्हणाले. "घरी सांगितलंय, गुडघ्याला पट्टी बांधायला येता म्हणून. मुलांना कळता कामा नये. दुकानात माझ्या शब्दावर उठतात-बसतात ती."

कोणाला न सांगण्याचा शब्द मी दिला आणि दोन महिने नळी बदलली. कायमच्या नळीने जंतू आत जातात, खडे होतात, ताप येतो, हे सांगत राहिलो. तिसऱ्या महिन्यात गेलो तर त्यांना थंडी वाजत होती, पिशवीत लघवी गढूळ, लालसर. अंगाला हात लावला तर चटका बसला. म्हणाले, "काही नाही, उतरेल. तुम्ही बदला आणि जा. आणि लक्षात आहे ना, कोणाला बोलायचं नाही. शब्द दिलाय तुम्ही."

त्यांच्याशी मी बरीच हुज्जत घातली. तुम्हीच मुलांना सांगा म्हणून हात जोडले. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग मी कोठीतून बाहेर आलो, दुकानात थोरला मुलगा गिऱ्हाइकाला कढया दाखवत होता. त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. एकही गोष्ट वगळली नाही. त्याच तासाला त्याने गाडी काढली.

शेठना दोन पोरांनी उचलून गाडीत बसवलं. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तापातही अगदी स्पष्ट आवाजात म्हणाले, "तुम्ही माझी अब्रू गल्लीत मांडली."

ताप उतरल्यावर अकोल्यातच त्यांचं ऑपरेशन झालं. नळी निघाली. महिनाभराने ते दुकानात येऊन बसू लागले. मुलं पहिल्यापेक्षा जास्तच मान देतात असं थोरला सांगतो. तो मला रस्त्यात थांबवून नमस्कार करतो. शेठ करत नाहीत. त्यांच्या नातवाच्या लग्नाची पत्रिका गल्लीत सगळ्यांना आली, मला आली नाही. त्यांची बाजू मला कळते. दिलेला शब्द मी मोडला होता, आणि तो मोडायचा हक्क मला कोणी दिला होता असं नाही. एका म्हाताऱ्याला दिलेला शब्द पाळला, दुसऱ्याला दिलेला मोडला.

आता मी निवृत्त आहे. सकाळी फिरायला जायचे दोन रस्ते आहेत, एक देवळाकडून आणि एक भांडेगल्लीतून. मी बहुतेक दिवस गल्लीतून जातो. शेठ दुकानाच्या पायरीवर, स्वतःच्या हाताने कुलूप काढत असतात. मी दिसलो की ते तोंड फिरवतात. मी चाल कमी करून, ते फळ्या काढून आत जाईपर्यंत बघतो, आणि मग पुढे जातो.